डोळ्यातलं कडं

"घरात कुणाला लिव्हरचा त्रास? लहान वयात कावीळ होऊन कुणी गेलेलं?"

डॉक्टर साबळेबाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं, पत्ता विचारावा इतक्या सहज. रुंजी पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसली होती. डोळ्यांचं पांढरं हळदीच्या पाण्यात भिजल्यासारखं झालेलं. सात वर्षांची पोर. हातापायांच्या काड्या, आणि पोट मात्र फ्रॉकची बटणं ताणणारं. महिनाभर मी शेजारणींना कौतुकाने सांगत होते, "आता जरा अंगी लागतंय हिच्या." ते अंगी लागणं नव्हतं, पोटात पाणी झालं होतं. हे मला त्या दिवशी सकाळी कळलं.

"माझे दीर गेले," मी म्हणाले. "मुकुंदभावजी. सतराव्या वर्षी. त्यांना काव..."

"टायफॉइड होता त्याला," आत्या म्हणाली. ती पलंगाच्या पलीकडे बसून रुंजीची वेणी घालत होती. "होस्टेलच्या पाण्याने झाला. कावीळ-बिवीळ काही नाही. हिला काय माहीत, ही तेव्हा परकर-पोलक्यात होती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवत होती ती कावीळच. संगमनेरच्या आमच्या स्वयंपाकघरात आई कुणाला तरी हळू आवाजात सांगत होती, "पोरगं पिवळंधमक झालंय म्हणे." पण मुकुंदभावजी आत्याच्या पोटचे. पोटच्या मुलाचं मरण ती चुकीचं सांगेल का? मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं असेल. डॉक्टरांनी कागदावर 'नाही' लिहिलं.

आत्या म्हणजे माझी सासू. माझ्या वडिलांची, आण्णांची, सख्खी थोरली बहीण. आम्ही तांबट. माहेरी तांब्याची भांडी घडवायची, सासरी नाशकात तीच भांडी घडवून विकायचं दुकान. आमच्याकडे भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क धरतात. एकविसाव्या वर्षी मी हक्काने मागून नेलेली सून झाले. लग्नाआधी आत्याला अगं-तुगं करायचे, नंतर 'तुम्ही' म्हणू लागले, पण तोंडात 'आत्या'च राहिलं. मैत्रिणी हेवा करायच्या. "तुला काय बाई, सासर म्हणजे माहेरच!" मलाही तसंच वाटायचं. हेमंत लहानपणापासून पाहिलेला. कमी बोलणारा, कामाला वाघ. रुंजी झाली तेव्हा आत्याने बारा दिवस तिला खाली ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने एक मोठा प्लॅस्टिकचा कॅन आणून पलंगाखाली ठेवला. "उद्या सकाळी सहापर्यंतची सगळी लघवी यात. एक थेंब सांडायचा नाही. मुंबईला जायचीय."

रुंजी उठून बसली. "माझी शू मुंबईला जाणार? आणि मी इथंच?"

"हो गं राणी," सिस्टर म्हणाली.

"विमानानं की गाडीनं?"

त्या तीन दिवसांत मी तेवढं एकदाच हसले. तिची कानाची पाळी दोन बोटांत धरून बसले होते. तान्ही असल्यापासून ती तशीच झोपायची. पाळीसुद्धा पिवळी झाली होती.

दुपारी डॉक्टर राउंडला आल्या. म्हणाल्या, "कावीळ कशाची आहे ते अजून कळत नाहीये. नेहमीच्या व्हायरसच्या तपासण्या कोऱ्या आल्यात. शरीरात तांबं साठतंय का, तेही बघायला पाठवलंय. रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतील. डोळ्यांचे डॉक्टर सोमवारी येतील, तेव्हा डोळेही दाखवू."

त्या पुढच्या पलंगाकडे वळल्या आणि आत्या माझ्याकडे.

"तांबं म्हणाल्या ना त्या?"

"हो."

"तूच देत होतीस. रोज सकाळी उठल्या उठल्या. तांब्यातलं शिळं पाणी."

"आत्या, घरात सगळेच पितात. तुम्हीच सांगितलं होतंत, पोरीला..."

"मी म्हाताऱ्या माणसांसाठी सांगितलं. एवढ्याशा जिवाला ग्लास-ग्लासभर कुणी सांगितलं होतं? आपल्या घरात तांबं म्हणजे रोजी आहे, मंजे. ते औषध म्हणून पोरीच्या घशात ओतायचं नसतं."

हेमंत डबा घेऊन दारात उभा होता. त्याने ऐकलं. डबा ठेवला आणि रुंजीच्या पायांवरची चादर नीट करत राहिला. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले. मीच. माझ्याच हाताने. रोज सकाळी, "संपव बघू सगळं, शहाणी ना," म्हणत.

तिसऱ्या दिवशी रुंजीच्या नाकातून रक्त आलं. थांबेना. सिस्टरने बर्फ धरला, कापूस घातला. डॉक्टर धावत आल्या, रक्ताचा कागद पाहिला आणि मला बाजूला घेतलं.

"रक्त गोठायला वेळ लागतोय. लिव्हर थकत चाललंय. मला कारण हवंय, आणि ते माझ्याकडे नाही. एका आजारासाठी दिलेलं औषध दुसऱ्यात उलटू शकतं. डोळे मिटून मी औषध देऊ शकत नाही. मुंबईला हलवायची तयारी ठेवा."

त्याच दुपारी आण्णा आले. संगमनेरहून एसटीने, हातात मोसंब्यांची पिशवी, शर्टाची कॉलर घामाने काळी. आण्णा कसे आहेत सांगायचं तर घरात कुणी मोठ्याने बोललं की ते अंगणात जातात. त्यांनी पिशवी ठेवली. आत्याकडे पाहिलं, आत्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग ते रुंजीवर वाकले.

"आजोबा, तुमच्या मिशा टोचतात," रुंजी अर्धवट झोपेत म्हणाली.

"टोचू देत." त्यांनी अंगठ्याने तिची पापणी जराशी वर केली. खिडकीच्या उजेडाकडे तिचं तोंड वळवून डोळ्यात पाहत राहिले. खूप वेळ. मग माझ्याकडे वळून अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"डोळ्यातलं कडं बघितलं का डॉक्टरांनी?"

"कसलं कडं?"

"बुबुळाच्या कडेला असतं ते. तपकिरी. उजेड तिरका पाडला की दि..."

ते थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

माझे वडील सातवी शिकलेले. डॉक्टरांनी माझ्याशी कड्याचा शब्द काढला नव्हता. सिस्टरने नाही. कुणीच नाही.

"आण्णा, तुम्हाला कसं माहीत?"

"बापू," आत्या म्हणाली, "तू चहा पिऊन ये. दमलायस."

आण्णा उठले. मी त्यांच्या मागोमाग गेले. दुसऱ्या मजल्यावरून खाली जाणाऱ्या जिन्यावर त्यांना गाठलं. लोक जात-येत होते. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो.

"मुकुंदभावजींच्या डोळ्यात होतं?"

त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे टायफॉइड नव्हता."

"मुंबईला मीच घेऊन गेलो होतो त्याला. पंधरा वर्षांचा होता. तुझे मामंजी दुकान सोडून येईनात, म्हणून मी आणि अक्का, तुझी आत्या. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत दिवा धरून मलाही दाखवलं. म्हणाले, बघा, हे तांबं आहे. कल्हई उडालेल्या भांड्याच्या काठावर दिसतं ना, तसं दिसत होतं गं."

"मग औषध?"

"दिलं होतं की. आधी बरं वाटलं. मग लागूच पडेना, अक्का म्हणाली. दोन वर्षांत गेला."

"आणि तुम्ही सगळे टायफॉइड म्हणत राहिलात."

"हे घराण्यातून येतं, मंजू. आई आणि बाप, दोघांकडून एकेक अंश आला तर. हेमंताचं रक्त तपासलं होतं. आजार नाही निघाला. पण डॉक्टरांनी अक्काला आणि मला समोर बसवून सांगितलं, ह्याच्यात अंश असू शकतो. लग्न करा, पण बाहेरची मुलगी करा. नात्यातली करू नका."

जिन्यावरून एक बाई थर्मास घेऊन वर गेली. तिला जागा द्यायला मी सरकले. मग विचारलं,

"नात्यातली केली तर काय, ते नाही सांगितलं त्यांनी?"

आण्णा जिन्याच्या कठड्यावरची धूळ पुसत राहिले.

"आण्णा."

"म्हणाले, दोघांतही अंश असला तर चारांत एक."

"आणि तुम्ही मला दिलीत."

"तीन स्थळं मोडली होती गं हेमंताची. कुणीतरी पसरवलं होतं, घरात आजार आहे म्हणून. अक्का आली, उंबऱ्यात बसली, पदर पसरला. म्हणाली, तुझी मुलगी नाही दिलीस तर माझं घर बंद होईल. आई गेल्यावर तिने मला वाढवलंय. मी..." त्यांनी मोसंब्याच्या पिशवीसाठी हात चाचपला, ती वर राहिली होती. "मला वाटलं, तुझ्यात अंश नसेलही. आणि असला तरी चारांतले तीन आपल्या बाजूने आहेत."

"चौथी वर झोपलीय."

ते रडायला लागले. मी माझ्या वडिलांना पहिल्यांदा रडताना पाहत होते आणि मला काहीच होत नव्हतं. मनात एकच होतं: ही दोन-तीन वर्षांची असताना एक रक्ताची तपासणी. तेवढंच. "मंजू, पोरीचं रक्त तपासून घे," एवढं एक वाक्य. दर दिवाळीला, दर वाढदिवसाला आण्णा येऊन तिला मांडीवर घ्यायचे, पापण्यांना हात लावायचे. मला वाटायचं, लाड करतायत. ते कडं शोधत होते.

मी त्यांचं मनगट धरलं आणि ओढतच डॉक्टरांच्या खोलीत नेलं. "सांगा," म्हणाले. "मला सांगितलंत ते सगळं ह्यांना सांगा."

डॉक्टर साबळे ऐकत होत्या. आण्णांचं पूर्ण व्हायच्या आत त्यांनी फोन उचलला. डोळ्यांचे डॉक्टर तासाभरात आले, सोमवारची वाट न बघता. पडदे ओढले, रुंजीच्या डोळ्यावर दिव्याची बारीक तिरीप धरली आणि म्हणाले, "आहे. दोन्ही डोळ्यांत."

चार वाजता पहिली कॅप्सूल दिली.

"ह्याला विल्सनचा आजार म्हणतात," डॉक्टरांनी हेमंतला आणि मला समोर बसवून सांगितलं. "अन्नातलं जास्तीचं तांबं लिव्हर बाहेर टाकतं. हिचं लिव्हर ते टाकू शकत नाही, साठवत बसतं. मग लिव्हरला व्रण पडतात, गाठी होतात. तुमच्या मुलीच्या लिव्हरला झाल्यात. त्या सगळ्या काही जाणार नाहीत."

"मी तांब्याच्या भांड्यातलं पाणी द्यायचे," मी म्हणाले.

"आता देऊ नका. पण आजार पाण्याने झालेला नाही. तो जन्मतःच होता. हे आधीच कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

मी हेमंतकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"मला म्हणाले होते, तुला काही नाही," तो पुटपुटला. "मी पुढे विचारलंच नाही."

"पुढचं काय, डॉक्टर?" मी विचारलं.

"पहिले दोन आठवडे काठावरचे. औषध लागू पडलं तर ही मोठी होईल, शिकेल, लग्न करेल, म्हातारीसुद्धा होईल. पण औषध जन्मभर. बरं वाटतंय म्हणून एक महिनाही सोडायचं नाही. आणि लागू नाहीच पडलं, तर लिव्हर बदलावं लागेल. तीन दिवस आधी कळलं असतं तर मला सोपं गेलं असतं." त्या आण्णांकडे पाहून म्हणाल्या नाहीत, पण दाराशी उभे असलेले आण्णा भिंतीत शिरले.

वॉर्डात परत आले तेव्हा आत्या रुंजीच्या कपाळाला अंगारा लावत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"आत्या, तू तीन दिवस इथं बसून होतीस."

किती वर्षांनी मी तिला तू म्हणाले होते, ते आम्हा दोघींनाही कळलं.

"मी नाव घेतलं असतं तर ते खरं झालं असतं गं," ती म्हणाली. "मला वाटलं, नाव नाही घेतलं तर टळेल."

"आणि पाण्याचं माझ्यावर ढकललंस, ते?"

तिने अंगाऱ्याची पुडी घडी करायला घेतली. एकदा, दोनदा, तीनदा. ती पुडी आणखी घडी होण्यासारखी राहिली नव्हती.

औषध लागू पडलं. सतराव्या दिवशी रुंजीच्या नखांखाली गुलाबी दिसलं. मी सिस्टरला हाक मारून दाखवलं. महिन्याने घरी आलो. पण आण्णांचं ते एक वाक्य माझ्या अंगात जाऊन बसलं होतं. आधी बरं वाटलं, मग लागूच पडेना. त्याच घराण्याचं रक्त, तोच आजार, तेच औषध. मुकुंदभावजींनाही आधी बरंच वाटलं होतं. दर तीन महिन्यांनी रिपोर्टचं पाकीट हातात आलं की मी ते उघडण्याआधी देवघरासमोर नाही, मोरीत जाऊन कडी लावून उभी राहायचे. दुसरं मूल होऊ दिलं नाही. दुसरं कसलं स्वप्नच पाहिलं नाही. आत्या दाराशी येऊन विचारायची, "काय आलंय गं?" मी म्हणायचे, "ठीक आहे." ती म्हणायची, "देव आहे." आणि परत जायची. आम्ही एका घरात राहायचो. बोलणं कामापुरतं.

सहा वर्षं अशी गेली. रुंजी तेरा वर्षांची झाली. माझ्या खांद्यापर्यंत आली, वेणी स्वतः घालू लागली. चॉकलेट, शेंगदाणे, काजू नाही म्हणायला शिकली, गोळ्यांचा गजर स्वतः लावू लागली. तिला मी सगळं सांगितलं होतं. आजाराचं नाव, मुकुंदकाका, चारांत एक. दहाव्या वर्षीच. घरात कुणाला विचारलं नाही.

गेल्या भाऊबीजेला आण्णा आले. दरवर्षी येतात, बहिणीकडे ओवाळून घेतात, मी वाढते, ते जेवतात आणि चारच्या एसटीने जातात. आत्याने पाट मांडला होता. रुंजीने जेवणाच्या तासभर आधीची कॅप्सूल मघाशीच घेतली होती, डबी तशीच टेबलावर. शेजारच्या सुमनकाकू फराळाचं ताट द्यायला आल्या आणि त्यांनी डबी उचलून पाहिली.

"एवढ्याशा पोरीला कसल्या गं एवढ्या गोळ्या?"

"व्हिटॅमिनच्या," आत्या ताबडतोब म्हणाली.

"नाही, आजी," रुंजी म्हणाली. मोबाइलमधून डोकंसुद्धा वर न काढता. "विल्सन आहे मला. मुकुंदकाकाला होता तोच."

सुमनकाकूंनी डबी खाली ठेवली. "हो का," म्हणाल्या, आणि ताट परत घ्यायला नंतर येते म्हणून गेल्या.

आत्याच्या हातात निरांजन होतं. आण्णा पाटावर, कपाळाला कुंकू. तिने ओवाळायला हात उचलला आणि तसाच खाली आणला.

"मुकुंदाला कॅप्सूल गिळता यायची नाही," ती म्हणाली. वीस वर्षांत तिच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. "फोडून मधात द्यायचे मी. तोंड एवढं वाकडं करायचा. दीड वर्ष दिलं. गुटगुटीत झाला होता. हात थरथरायचा थांबला, अक्षर सुधारलं. आयटीआयला नंबर लागला म्हणून होस्टेलला निघाला."

"मग?" रुंजीने विचारलं.

"जाताना त्याने डबी मागितली. मी म्हटलं, आता ठणठणीत आहेस. तिथं चार पोरं विचारतील, आजारी आहेस का म्हणून. ठेव इथंच. मीच ठेवून घेतली." निरांजनातली वात फरफरली. "चार महिन्यांनी आणला त्याला. परत सुरू केल्या, पण तेव्हा..."

"अक्का," आण्णा म्हणाले. ते पाटावरून अर्धवट उठले होते. "तू तर म्हणालीस, लागू पडलं नाही."

"काय सांगणार होते, बापू? मी माझ्या हाताने..."

"मी पोर दिली तुला. औषधाला गुणच नाही तर पोरीचं रक्त तपासून काय करायचं, म्हणून नशिबावर सोडलं. तुझ्या एका शब्दावर पोर दिली."

ओवाळायचं राहूनच गेलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. औषध लागू पडलं होतं. मुकुंदभावजींना दीड वर्ष छान लागू पडलं होतं. सहा वर्षांतली चोवीस पाकिटं मी मोरीत उभी राहून, जीव मुठीत धरून उघडली. आणि बाहेर दाराशी उभ्या असलेल्या बाईला माहीत होतं की घाबरायचं कारण नाही, फक्त सोडायचं नाही. एवढं एक वाक्य तिच्याजवळ होतं. "काय आलंय गं?" असं विचारून ती ते वाक्य परत घेऊन जायची.

मला ओरडायचं होतं. आणि त्याच क्षणी छातीवरून काहीतरी उचललं गेल्यासारखं हलकंही वाटत होतं. त्या हलकेपणाचाच जास्त राग आला.

रुंजीने मोबाइल बाजूला ठेवला. आजीच्या हातातलं निरांजन काढून घेतलं, देवापुढे ठेवलं, डबीचं झाकण लावून डबी दप्तरात टाकली.

"आई, तास झाला," ती म्हणाली. "भूक लागलीय. पानं घे ना."

मी आत वळले. किती पानं मांडायची, ते मला क्षणभर ठरवता येईना.